एकटीने गाणाऱ्या गिटारवालीचा साउंड: तीन हंगामांनंतरचे परीक्षण

गिटार घेऊन एकट्याने गाऊ पाहणाऱ्याने पहिला साउंड कोणता घ्यावा, असे दुकानात विचारले की उत्तर वॅटमध्ये मिळते. गेली तीन वर्षे मी चिमूर तालुक्यातून कार्यक्रम करते आहे. त्यात ताडोबाच्या कोलारा प्रवेशद्वाराजवळच्या रिसॉर्टमधील संध्याकाळी असतात, गावोगावच्या कोजागिरी आणि बारशी असतात, शाळांची स्नेहसंमेलने असतात, आणि १४ एप्रिलच्या आगेमागे भीमगीतांचे कार्यक्रम असतात. एवढ्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की आपल्याकडे वॅटचा प्रश्न सर्वांत शेवटी येतो. त्याआधी वीज येते, एसटीत चढवता येईल इतके वजन येते, आणि या दोन्हींच्याही आधी गाण्याचे शब्द ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचतात की नाही हे येते. पुढील परीक्षण याच क्रमाने झुकलेले आहे. ज्यांना शहरातील सभागृहात बँडसोबत वाजवायचे आहे, त्यांनी ते तेवढ्याच मर्यादेत वाचावे.

माझी पहिली खरेदी चुकली. तालुक्याच्या एका दुकानातून मी चाकांचा, दिव्यांचा, रिमोटचा आणि बारा इंची तोंडाचा ट्रॉली स्पीकर घेतला. खोक्यावर हजारोंच्या घरातले ‘पीएमपीओ’ वॅट छापलेले होते. त्या आकड्याला मोजमापाचा कोणताही मान्य आधार नसतो, हे मला पुढे कळले. लग्नातल्या गाण्यांना तो स्पीकर शोभतोही, कारण त्याचा सगळा जोर ढोलाच्या ठोक्यावर असतो. पण माणसाचा शब्द ज्या मधल्या पट्टीत उमटतो तिथेच तो पोकळ होता, आणि त्यावर इकोचे बटण पूर्ण बंद होत नव्हते. पहिल्या कार्यक्रमानंतर शेजारच्या गावातील एक आजी जवळ येऊन म्हणाल्या, “पोरी, गाणं गोड लागलं, पण बोल नाही समजून राहिले.” इतके नेमके परीक्षण मला पुढे कोणत्याही जाणकाराकडून मिळाले नाही. तो स्पीकर मी दोन महिन्यांत एका डेअरीवाल्याला निम्म्या किमतीत विकला.

त्यानंतर मी उलट्या टोकाने सुरुवात केली आणि आधी माईक घेतला. गाणाऱ्यासाठी शुअर कंपनीचा एसएम ५८ हा माईक १९६६ पासून बाजारात आहे. त्याच्याबद्दल नवे सांगण्यासारखे फारसे उरलेले नसले तरी आपल्या परिस्थितीत तो का बसतो हे सांगण्यासारखे आहे. तो डायनॅमिक जातीचा आहे, म्हणजे त्याला मशीनकडून (अ‍ॅम्प्लिफायरकडून) माईकच्या तारेतूनच येणारा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा लागत नाही, आणि गावातील मशीन तो पुरवठा देत नाहीच. समोरचा आवाज तो घेतो आणि पाठीमागचा बराचसा टाळतो. जाळीच्या आत फोम असल्यामुळे ‘प’ आणि ‘भ’ यांचा फटका कमी बसतो. जाळीला ओठ लावून गायले की खालचे स्वर फुगतात आणि शब्द जड होतो, म्हणून मी दोन ते तीन बोटांचे अंतर ठेवते. बटण असलेला प्रकारही मिळतो, परंतु मी बिनबटणाचाच घेतला, कारण सूत्रसंचालकाच्या हातात गेलेला माईक नेमका बंद अवस्थेत परत येतो.

या माईकच्या बनावट प्रती सर्रास विकल्या जातात. मलाही पहिल्यांदा एका दुकानातून, जवळजवळ निम्म्या किमतीत, तशीच प्रत मिळाली होती. खऱ्या माईकचे वजन सुमारे ३०० ग्रॅम असते आणि माझी प्रत किराणा दुकानाच्या काट्यावर त्याहून बरीच हलकी भरली. खरा माईक दहा हजारांच्या आसपास पडतो. ही रक्कम पहिल्याच वस्तूवर घालवणे जिवावर येते, हे मी समजू शकते. पण स्पीकर बदलतात, गाव बदलते, मशीन बदलते, आणि माईक तोच राहतो.

गिटारच्या बाजूने प्रश्न थोडा अधिक गुंतागुंतीचा आहे. बहुतेक इलेक्ट्रो-अकूस्टिक गिटारमध्ये घोडीच्या पट्टीखाली तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारा पिझो पिकअप बसवलेला असतो आणि तो संकेत वाढवणाऱ्या, बाजूच्या छोट्या प्रीअँपला ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते. पिझोचा संकेत फार नाजूक असतो. प्रीअँप नसेल आणि तो थेट माईकच्या जॅकमध्ये घातला, तर खालचे स्वर नाहीसे होतात आणि गिटार पत्र्याच्या डब्यासारखी वाजते. प्रीअँप असेल, तर त्याच जॅकमध्ये नेमके उलटे होते. संकेत माईकच्या मानाने इतका जोरकस असतो की तो फाटतो. दोन्ही प्रसंगी लोक गिटारला दोष देतात. गिटारची वायर सात-आठ मीटरपेक्षा लांब न्यायची असेल, तर मध्ये डीआय बॉक्स हवा. ही मुठीएवढी डबी गिटारचा संकेत माईकच्या तारेतून जाऊ शकेल असा करते, आणि तिच्यावरचे ‘ग्राउंड लिफ्ट’ बटण दाबल्यावर दोन यंत्रांच्या अर्थिंगमुळे येणारी घूं बहुतेक वेळा थांबते. प्रीअँप असलेल्या गिटारला साधी, बॅटरी न लागणारी पॅसिव्ह डबी पुरते. प्रीअँप नसेल तर अ‍ॅक्टिव्ह घ्यावी, मात्र ती आतल्या बॅटरीवर चालणारी आहे ना हे पाहून, कारण फँटमवरच चालणारी डबी गावच्या मशीनपुढे मुकी बसते.

आता गावच्या मशीनविषयी. दिल्लीची अहुजा ही कंपनी १९४० पासूनची आहे, आणि आपल्याकडे मंडपवाल्याच्या प्रत्येक लोखंडी पेटीत तिचे नाव लिहिलेले अ‍ॅम्प्लिफायर आणि कर्णे सापडतात. शहरातून शिकून आलेली मुले या सामानाला नाके मुरडतात, ते मला पटत नाही. कर्णा हा बोलण्यासाठी बनवलेला आहे. खालचे आणि अगदी वरचे स्वर सोडून तो शब्द ज्या पट्टीत असतो तेवढाच उचलतो, आणि म्हणूनच झाडावर टांगलेल्या दोन कर्ण्यांतून कीर्तनकाराचा शब्द पलीकडच्या वाडीत कळतो. मशीन वाहनाच्या बॅटरीवरही चालते, त्यामुळे वीज गेली तरी सभा थांबत नाही. गिटारसाठी मात्र कर्णा क्रूर आहे. सहाव्या तारेचा मूळ स्वर सुमारे ८२ हर्ट्झचा असतो आणि तो कर्ण्यातून येतच नाही. उरतो तो नखांचा खरखराट. कर्ण्यांवर गावे लागले तर मी झंकार कमी करून एकेक तार छेडत वाजवते, आणि गिटारची वायर माईकच्या जॅकऐवजी मागच्या ‘ऑक्स’ खाचेत घालायला सांगते. त्यासाठी जॅकवरून आरसीए पिनेवर जाणारी वायर, आणि माईकसाठी एक्सएलआरवरून (माईकच्या तीन पिनांच्या टोकावरून) मोनो जॅकवर जाणारी वायर, अशा दोन वायरी कायम पिशवीत असतात. दोन्ही मिळून पाचशे रुपयांच्या आतच्या आहेत. मंडपवाल्या काकांशी माझे संबंध त्यांच्यामुळेच सुधारले, कारण त्याआधी मी दर वेळी त्यांच्याकडे नसलेली वायर मागत असे.

यापेक्षा गंभीर गोष्ट विजेच्या धक्क्याची आहे आणि तिच्याविषयी कोणीही दुकानदार बोलत नाही. गिटारच्या तारा बहुधा वायरीच्या जाळीला, म्हणजेच मशीनच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. माईक दुसऱ्या मशीनला असेल, आणि दोन्ही मशीन वेगवेगळ्या बोर्डांवरून किंवा अर्थिंगच नसलेल्या होल्डरवरून चालत असतील, तर तारांवर बोटे ठेवून माईकला ओठ लावणारा माणूस त्या दोहोंमधली तार बनतो. मला एकदा ओठाला चिमटा बसला तेव्हा मंचाची वीज एका आकड्यावरून आणि माईकच्या मशीनची वीज समाजमंदिराच्या मीटरवरून घेतलेली होती. तेव्हापासून मी दोन्ही वस्तू एकाच बोर्डावर लावायला सांगते, सुरू करण्याआधी माईकच्या जाळीला टेस्टर लावून पाहते, आणि घूं घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणाऱ्या माणसाच्या मंचावर गात नाही. घूं घालवण्याचे काम डीआय बॉक्सचे आहे. काढलेल्या पिनेने घूं जाते, पण तिच्याबरोबर आपले संरक्षणही जाते.

याच कारणाने मी शेवटी बॅटरीवर चालणाऱ्या स्पीकरकडे वळले. दोन वस्तू मी आळीपाळीने वापरून पाहिल्या.

रोलँडचा एसी-३३ हा खास गिटार आणि गळा यांसाठी केलेला छोटा अ‍ॅम्प आहे. त्याला दोन चॅनेल आहेत, ताकद ३० वॅट आहे, वजन पाच किलोच्या आत आहे, आणि तो आठ पेन्सिल सेलवर चालतो. सेल पानठेल्यावरही मिळतात, हा गुण आपल्याकडे कमी लेखू नये. गिटारचा आवाज तो फारच प्रेमाने ठेवतो. अंगणात बसलेल्या वीस-पंचवीस माणसांसाठी, हुरड्याच्या बैठकीसाठी किंवा घरच्या सरावासाठी मी डोळे मिटून तोच सुचवीन. मुले खेळत असलेल्या शाळेच्या मैदानावर मात्र तो पहिल्या दोन रांगांपलीकडे हरवला.

बोसचा एस१ प्रो, जो मी अखेर जुना विकत घेतला, तो २०१८ मध्ये आला आणि २०२३ मध्ये त्याची एस१ प्रो प्लस ही सुधारित आवृत्ती निघाली. नवा घ्यायचा तर अर्ध्या लाखाहून बरेच जास्त पैसे मोजावे लागतात. माझ्याकडच्या स्पीकरचे वजन सुमारे सात किलो आहे. वरच्या मुठीने धरून मी तो एसटीत मांडीवर घेऊन बसते. महिलांना अर्धे तिकीट झाल्यापासून कंडक्टर मला ‘अर्धी प्रवासी आणि दीड प्रवाशाचे सामान’ असे म्हणतो. बॅटरी भरलेली असताना कंपनी अकरा तासांपर्यंतचा दावा करते. मोठ्या आवाजात तो काळ अर्थातच घटतो, पण माझा दोन तासांचा कार्यक्रम वीज नसतानाही निर्धास्त पार पडतो. पहिल्या दोन चॅनेलना माईक किंवा गिटार निवडण्याचे बटण आहे, त्यानुसार आतली जुळणी बदलते, आणि प्रत्येकाला बास, ट्रेबल व रिव्हर्ब (घुमारा) यांची स्वतंत्र बटणे आहेत. स्पीकर जमिनीवर तिरका ठेवला, उभा ठेवला की स्टँडवर चढवला, हे तो स्वतः ओळखतो आणि आवाज त्याप्रमाणे सावरतो. तिसरे चॅनेल मोबाइलसाठी आहे, आणि मध्यंतरात आयोजकांना त्याचेच सर्वाधिक कौतुक वाटते. पुढारी उशिरा आले की तेवढा वेळ तेच चॅनेल कार्यक्रम सांभाळते.

उणिवा सांगायच्या तर फँटम पुरवठा यात नाही, म्हणून कंडेन्सर माईक चालणार नाही. दुसरा वाद्यकार, समजा कॅहोन हे खोक्यासारखे तालवाद्य वाजवणारा, सोबत आला तर त्याच्यासाठी माईकची खाच उरत नाही. मग वेगळा मिक्सर घ्यावा लागतो. प्लस आवृत्तीत बिनतारी जोडणीची सोय आहे, परंतु त्याचे ट्रान्समीटर वेगळे विकत घ्यावे लागतात, आणि एकाच जागी बसून गाणाऱ्याला त्यांची गरज मला तरी दिसत नाही.

सर्वांत महत्त्वाची मर्यादा अंतराची आहे. हा स्पीकर एक मीटरवर जास्तीत जास्त सुमारे १०३ डेसिबल सलग देऊ शकतो. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल कमी होतात, म्हणजे दोन मीटरवर ९७, चारवर ९१, आठवर ८५ आणि सोळा मीटरवर ७९ उरतात, आणि हा हिशेब बटणे शेवटपर्यंत पिळल्यानंतरचा आहे. गप्पा मारणारा जमाव सहज ६५ ते ७० डेसिबल करतो. म्हणून शंभर माणसे शांत बसली असतील तर हा स्पीकर पुरतो, आणि चारशे माणसे दूध आटण्याची वाट पाहत बोलत असतील तर पुरत नाही. अशा वेळी दुप्पट वॅटचा स्पीकर आणूनही फक्त ३ डेसिबल वाढतात. कानाला दुप्पट मोठे वाटायचे तर साधारण दहापट वॅट लागतात. त्यापेक्षा स्पीकर स्टँडवर बसलेल्यांच्या डोक्यांच्या वर नेणे जास्त उपयोगी ठरते, कारण पहिल्या रांगेची डोकी आवाज खात नाहीत. मोठ्या कार्यक्रमाला मी याच स्पीकरच्या लाइन आउटमधून, म्हणजे आवाज बाहेर देणाऱ्या खाचेतून, मंडपवाल्याच्या मशीनला वायर देते. शंभर माणसांना गिटारसकट गाणे मिळते, मागच्यांना कर्ण्यांतून निदान शब्द मिळतात. मात्र अशी वायर जोडली की बॅटरीमुळे मिळालेली विजेपासूनची सुटका संपते, आणि टेस्टर पुन्हा बाहेर काढावा लागतो.

यामाहाचा स्टेजपास ४०० बीटी हा दोन स्पीकर आणि मधला आठ चॅनेलचा मिक्सर असा संच मी एका शाळेत वापरला. आवाज भरदार आहे, एका जागी बसून काम करणाऱ्या संस्थेसाठी तो उत्तम आहे. पण तो फक्त विजेवर चालतो आणि एकटीने एसटीतून नेण्याचा नाही, त्यामुळे माझ्यापुरता विषय तिथेच संपला.

शिट्टीविषयी थोडे. माईक ‘कुईं’ करतो तेव्हा साउंडवाला आवाज कमी करतो आणि कार्यक्रम तिथेच मरतो. गिटारच्या बाबतीत शिट्टीपेक्षा हुंकार अधिक त्रास देतो, कारण पेटीतल्या हवेचा स्वतःचा स्वर साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असतो आणि स्पीकरने तोच स्वर परत पेटीत ढकलला की ती आपोआप गुंजू लागते. ध्वनिछिद्रावर बसणारी रबरी चकती त्यावर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे. दिसायला ती वाईट आहे, हे मान्य. माईकच्या बाबतीत एसएम ५८ चा सर्वांत बहिरा कोन बरोबर मागे, १८० अंशांवर असतो, म्हणून परतीचा, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा, स्पीकर थेट समोर पायाशी ठेवावा. बीटा ५८ए सारख्या सुपरकार्डिओइड, म्हणजे समोरचा आवाज अधिक अरुंद कोनातून घेणाऱ्या, माईकचा बहिरा कोन मात्र सुमारे १२६ अंशांवर, म्हणजे दोन्ही बाजूंना असतो. तिथे स्पीकर थोडा कडेला सरकवावा लागतो. माझ्याकडे परतीचा वेगळा स्पीकर नाही. एकच स्पीकर मी डाव्या हाताला, खांद्याच्या रेषेच्या किंचित पुढे ठेवते, म्हणजे त्याची कड मलाही ऐकू येते.

रिसॉर्टमध्ये काम मिळवू इच्छिणाऱ्यांनी आणखी एक जाणून घ्यावे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि सणांसाठी राज्य सरकार जी मध्यरात्रीपर्यंतची सूट देते ती वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवसांची असते. जंगलाच्या कडेला तर व्यवस्थापक नऊ वाजताच खुणा करू लागतो. तिथे मोठ्या स्पीकरला किंमत नाही, कमी आवाजात स्पष्ट राहणाऱ्या स्पीकरला आहे.

दुकानात जाताना स्वतःची गिटार, स्वतःचा माईक आणि सोबत एक बहीण किंवा मैत्रीण न्यावी. मी नागपूरला सीताबर्डीवर गेले तेव्हा बहिणीला दुकानाबाहेर रस्त्याच्या कडेला उभे केले आणि तिला अनोळखी गाणे ऐकवून शब्द लिहून घ्यायला सांगितले. एका स्पीकरला तिने अर्धीच ओळ लिहिली. दुकानदाराला ही परीक्षा आवडली नाही, परंतु त्याने नंतर दुसऱ्या गिऱ्हाइकाला तीच करून दाखवली, असे ऐकले.

जुना स्पीकर घेत असाल तर बॅटरी पूर्ण भरून, वायर काढून, विक्रेत्याच्या घरीच तासभर मध्यम आवाजात वाजवावा आणि किती टक्के उतरले ते पाहावे. लिथियम बॅटरीला उष्णता मारते, आणि चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा बंद गाडीत ठेवलेल्या स्पीकरची काय अवस्था होत असेल याचा विचार विकणाऱ्याने केलेला नसतो. माझा स्पीकर उन्हाळ्यात ओल्या गोणपाटाच्या पडद्याआडच्या खोलीत असतो, पडद्यापासून हातभर दूर. जुलै ते सप्टेंबर ताडोबाचे गाभा क्षेत्र बंद असते आणि माझे कामही जवळपास थांबते, तेव्हा बॅटरी निम्मी भरून ठेवते आणि महिन्यातून एकदा स्पीकर सुरू करून एक गाणे म्हणते, जेणेकरून पावसाळी दमटपणा खाचांमध्ये बसू नये. नव्या बॅटरीची किंमत आधी विचारून ती रक्कम जुन्या स्पीकरच्या भावातून वजा करावी. मी तशी केली होती, आणि विक्रेता तासाभराच्या घासाघिशीनंतर स्टँड फुकट द्यायला तयार झाला.